पासष्ट नंबरी डब्याचं तोरण

आधी तो चहा खाली ठेवा बघू. मागे हा किस्सा ऐकताना आमच्या एका मित्राला असा ठसका लागला, की शर्टाची वाट लागली, आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. अंधेरीच्या एका छोट्या कारखान्यात मी शिकाऊ इंजिनिअर होतो. मालक सावंतसाहेब. ते उन्हावर दिवे लावायचे, आणि तेव्हा हे नुसतं ऐकूनच लोकांना हसू यायचं. मढच्या किनाऱ्यावर कोळी बायकांच्या सोसायटीची एक शेड होती, तिथे वीज नव्हती. छपरावर सोलर पॅनल, आत बॅटरी आणि बाहेरच्या भिंतीवर वायरिंगचा लोखंडी डबा, असं काम आम्हाला मिळालं. साहेबांनी मला बजावलं होतं, हा दिवा नीट लागला तर तू कायम, नाहीतर दुसरीकडे बघ.

आता त्या डब्याविषयी सांगायलाच हवं. तो साहेबांनी स्वतः बनवलेला होता, आयपी पासष्ट नंबरचा. त्यातला सहा म्हणजे धुळीचा कणही आत जाणार नाही, आणि पाच म्हणजे पाइपानं धार मारली तरी आतल्या वायरिंगला धोका नाही. कारखान्यात मी स्वतः त्याच्यावर पाणी मारून बघितलं होतं. आत अगदी कोरडा ठणठणीत! झालं, माझ्या डोक्यात पक्कं बसलं की डबा पास झाला. एकदा माणूस बी.ए. झाला की त्याची पदवी कुणी परत घेतं का? मग डब्याचा नंबर तरी कोण काढून घेणार?

वर्सोव्याहून होडीतून तो डबा मी तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन मढला नेला. भिंतीवर बसवला, वायरी जोडल्या, दिवा लावून बघितला. सगळं झकास.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सोसायटीच्या प्रमुख जानामावशी आल्या, त्या आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण घेऊन. नव्या वस्तूला तोरण नको? नव्या होडीला सजवतात, नव्या घराला सजवतात, मग डब्यानंच काय पाप केलंय? पण डबा पडला गुळगुळीत. तोरण अडकवायचं कशाला? मावशी हिरमुसल्या. आणि मला, काय आहे ना, कुणाचा उतरलेला चेहरा बघवत नाही. बॅटरीची वायर काढली, हातानं फिरवायचं ड्रिल घेतलं, डब्याच्या डोक्यावर दोन भोकं पाडली आणि दोन हुक पिळून बसवले. तोरण असं शोभून दिसत होतं म्हणून सांगू! मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला.

मग साहेब आले. नारळ फुटला, शेडमध्ये दिवा लागला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खुशीत म्हणाले, विलास, आता यांना डब्याची करामत दाखव. मासळी धुवायच्या डिझेल पंपाचा पाइप मी उचलला आणि ऐटीत धार सोडली. दुसऱ्याच क्षणी शेडमधून बायकांचा गलका आला, दिवा गेला, दिवा गेला.

डब्याचं दार उघडलं, तर तळाशी पाणी. कसं शक्य आहे? साहेबांनी विचारलं, दार घट्ट लावलं होतंस का? लावलं होतं. दाराचं रबर बदललं. डबा पुसून वाळवला, नवा फ्यूज घातला, पुन्हा दिवा लागला. पुन्हा धार, पुन्हा अंधार. वायरी आत शिरतात तिथले नट आवळले, पुन्हा तेच. माझं डोकं चालेना. होडीत हादरे बसले असतील का? की खाऱ्या पाण्याला वेगळा नंबर लागत असेल? मी हे सगळं साहेबांना बोलूनही दाखवलं.

समोर माझी नोकरी बुडताना दिसत होती आणि माझी तर काही चूक नव्हती. शेवटी सगळ्या बायकांसमोर मी बोलून गेलो, "साहेब, डबाच फालतू निघाला."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, तू वरून हळूच पाणी ओत. वायर काढून त्यांनी स्वतःचं डोकं डब्यात घातलं. मी तांब्यानं ओतलं. टप्पकन एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. त्यांनी मान वर करून आत बघितलं, मग बाहेर येऊन तोरण बाजूला सारलं.

"हे काय आहे?"

"हुक, साहेब."

"ते दिसतंय मला. भोकं कुणी पाडली?"

"मीच पाडली. पण साहेब, डबा पास झाल्यानंतर पाडली."

साहेबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मला अजूनही कळत नव्हतं, की माझं चुकलं कुठे?

जानामावशीच पुढे झाल्या. "साहेब, पोराला काढू नका. माझ्या तोरणापायी झालं. मनानं चांगला हाय तो. नुस्तं त्याच्या हातात ड्रिल नका देऊ."

साहेबांनी भोकं बुजवली, संध्याकाळी दिवा लागला तो लागलाच. आणि मावशींचा शब्द त्यांनी पुरेपूर पाळला. महिनाअखेरीला मी कायम झालो. विक्री खात्यात, जिथे माणसाच्या हाती पेनापेक्षा टोकदार काही देत नाहीत.