भरवशाची गाडी

सकाळी सडा टाकताना अंगणातल्या एका जागेवर पाणी मुरत नाही. शेणकाल्याचं पाणी शिंपडलं की बाकीची माती ते पिऊन घेते, तिचा गार वास येतो. पण लिंबाच्या अलीकडे, परातीएवढ्या त्या जागेवर पाण्याचे मणी होतात आणि इकडेतिकडे पळतात. खाली वाकलं की डिझेलचा आणि जुन्या ऑइलचा वास येतो. तिथं आमची जीप उभी असायची. तिला भंगारवाल्यानं नेलं त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. त्या डागावर मी कितीदा पांढरी माती टाकली, वरून सारवून घेतलं. एक पावसाळा गेला की डाग परत वर येतो. आता मी त्याच्या नादी लागत नाही.

आज तो वास जरा जास्तच आला, आणि तेवढ्यात ओट्यावर गल्लीतली पोरं बसली होती त्यांचं बोलणं कानावर पडलं. कुणाची गाडी देशी कंपनीची, कुणाची परदेशी कंपनीची, कुठली जास्त चालते, कुठली दगा देते. शब्दसुद्धा तेच. ‘भरवशाची’ हा शब्द तर इतक्या वेळा आला की माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली. माणसं बदलतात, गाड्या बदलतात, ओट्यावरचं बोलणं मात्र जुन्या जात्यासारखं तिथंच फिरत राहतं. आणि मला माझी धाकटी जाऊ आठवली.

आमचं गाव युसूफ वडगावच्या बाजूचं. घरी शेती बरी, माणसं पुष्कळ, आणि धाकट्या भावजींना राजकारणाची आवड. जीप मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. आपल्या देशातली, जाड पत्र्याची, दाराला कडी लावावी लागणारी. तिच्यावर त्यांचा जीव होता. मग एका दसऱ्याला भावजींनी पुण्याच्या कुणाकडून एक वापरलेली गाडी आणली, बाहेरच्या देशात तयार होऊन जहाजातून आलेली. काळी कुळकुळीत. तिच्या दारात आपलं तोंड दिसायचं. आम्ही दोघी जावांनी दोन्ही गाड्यांना ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, बोनेटवर हळदी-कुंकवाची बोटं ओढली. भावजी म्हणाले, कुंकू जास्त लावू नका, रंगाला डाग पडतो. जाऊबाईनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ दाबून हसू गिळलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्यावर बैठक बसू लागली. गावात ज्याच्या ज्याच्याकडं गाडी होती तो येऊन बसायचा. मालक म्हणायचे, देशी गाडीला पार्ट केजच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो, आणि नाही मिळाला तर तार बांधून घरी येता येतं. भावजी म्हणायचे, बाहेरची गाडी बिघडतच नाही, मग पार्ट हवा कशाला. शेजारचे तात्या बाहेरच्या गाडीच्या बाजूचे, पण स्वतःची गाडी देशी. त्यांना कुणी तसं म्हटलं की ते म्हणायचे, “बायकू आपली केली म्हून दुसऱ्याच्या बायकूला चांगलं म्हनू न्हाई का?” सगळे हसायचे. आम्ही आतून चहाचे कप सरकवायचो. मालकांचं बोलणं नेहमी एका जागी येऊन थांबायचं. ते मांडीवर हात मारून सांगायचे, “थंडी असो, पाऊस असो, आमची जीप एका सकाळी चालू झाली न्हाई आसं झालं न्हाई.”

हे खरं होतं. जीप रोज चालू व्हायची. कारण ती रोज आम्ही दोघी ढकलायचो.

जीपची बॅटरी कधीची उतरलेली होती. चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे स्टार्टर, नुसता कुरकुरायचा. गडी पहाटेच रानात गेलेले, भावजी झोपलेले, आणि अंगणात सड्याला उठलेल्या आम्ही. मालक स्टेअरिंगवर बसून हाक मारायचे. आम्ही पदर खोचून मागच्या पत्र्याला हात लावायचो. लिंबापासून फाटकापर्यंत सपाट जागा, तिथंच काय तो जोर लागायचा. फाटकाबाहेर उतार होता. उताराला लागली की जीप एक आचका द्यायची, धुराचा लोट आमच्या तोंडावर सोडायची आणि मालक मागं न बघता निघून जायचे. हे सगळं उजाडायच्या आत व्हायला हवं, हा आमच्या घरचा नियम. मोठ्या घरच्या सुना गाडी ढकलताना दिसू नयेत. म्हणून गावाला कधी कळलं नाही. मला वाटतं, मालक खोटं बोलत नव्हते. रोज हाक मारायची आणि रोज गाडी चालू व्हायची. मधे काय होतं ते त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. श्वास घेताना आपण तरी कुठं ध्यानात ठेवतो.

धूर ओसरला की जाऊबाई पत्र्याचे काळे हात माझ्यापुढं धरायची आणि म्हणायची, “अक्का, आपल्या दोघींची नावं त्या गाडीवर लिवाया पायजेत. मागं, नंबराच्या खाली.” मी लाजरी बाई. चौथीपर्यंत शाळा शिकले, चार माणसांत कधी तोंड उघडलं नाही. ती माझ्या वाटणीचंही बोलायची, पण चुलीपुढं, हळू आवाजात.

तिचं माहेर दिंद्रुडला. गाड्या यायच्या आधी आम्ही दोघी एसटीनं जायचो. मी माझ्या माहेरी निम्म्यात उतरायची, ती पुढं धारूरचा घाट उतरून जायची. घाटात सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसलेल्या असत. ती खिडकीतून हात काढून एखादं हळूच दाबून बघायची, आणि एसटी हलली की तसंच परत टाकायची. माहेरी जाताना तिचा आवाज बदलायचा, मोठा व्हायचा. मग गाड्या आल्या आणि आमचं जाणं थांबलं. ऐकायला हे उलटं वाटेल, पण तसंच झालं. दारात दोन गाड्या असताना सून एसटीनं गेली तर लोक काय म्हणतील? गाडीनंच जायचं. आणि गाडी कधी मोकळी नसायची. ती पंचायतीला, ती लग्नाला, ती कुणाच्या तेराव्याला. दोन्ही गाड्या सगळ्या तालुक्याच्या कामाला यायच्या, आम्हा दोघींचं माहेर तेवढं त्यांच्या वाटेवर येत नसे.

त्या हिवाळ्यात तिच्या आईला लकवा मारला. भावाचा फोन यायचा, आई जेवत नाही, तुझी वाट बघते. म्हातारीला चावता येत नव्हतं. जाऊबाईनं ज्वारी भरडून कण्या काढल्या, शिजवून हातानं भरवता येतील अशा बारीक, आणि डब्यात भरून पिशवीत ठेवल्या. सोबत आईसाठी एक मऊ जुनेर, धुवून विरलेलं लुगडं. पिशवी खुंटीला लावली. उद्या जायचं, परवा जायचं. भावजी म्हणाले, माझ्या गाडीनं नेतो, ऐटीत जा.

पण बाहेरची गाडी बंद पडली. बंद पडायचं कारण सांगितलं तर हसाल. धुळीनं रंग जाऊ नये म्हणून भावजींनी ती गोठ्याशेजारच्या खोलीत, झाकण घालून ठेवली होती. त्याच खोलीत आम्ही जनावरांची सरकी पेंड ठेवतो. पेंडीला उंदीर येतातच. एक दिवस पेंड संपली, आणि उंदरांनी गाडीच्या आतल्या वायरी खाल्ल्या. मेस्तरी आला, त्यानं बोनेट उघडलं. वायरींचा तो जुडगा बाहेरून मागवावा लागेल म्हणाला. “पार्ट यायलाय,” असं भावजी रोज सांगू लागले. ओट्यावर मालकांचा आवाज चढला. भावजी म्हणत, यात गाडीचा काय दोष, उंदीर देशी आहेत. पुन्हा हसणं, पुन्हा चहा. आत जाऊबाई पिशवीतला डबा काढून बघत होती. कण्यांना किडे झाले होते. तिनं त्या कोंबड्यांना टाकल्या आणि दुसरी ज्वारी भरडायला घेतली.

“दोन्ही गाड्या भरवशाच्याच हायत अक्का,” ती जात्याचा खुंटा धरून म्हणाली. “एक चालू व्हनार न्हाई ह्याचा भरवसा, आन् दुसरी आपल्याला नेनार न्हाई ह्याचा.”

त्या वेळी ती हसली नाही.

कण्या तीनदा बदलल्या असतील. मग एका सकाळी, अंधार अजून निवळला नव्हता, मालकांनी हाक मारली. निवडणुकीचे दिवस, भावजी उभे होते, कुणा पुढाऱ्याला आणायला जायचं होतं. मी पदर खोचून आले. जाऊबाई आधीच जीपच्या मागं उभी होती, अंगावर धुतलेलं लुगडं. आमच्याकडं धाकटी सून थोरल्या दिरापुढं बोलत नाही. बोलायचंच झालं तर मधल्या माणसाला सांगते आणि समोरचा ऐकतो. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मला म्हणाली, “अक्का, सांगा त्यास्नी. रात्री भावाचा फोन आलता. आईनं पानी सोडलंय. गाडी आज दिंद्रुडला जानार असंल तर मी ढकलते. न्हाई तर मला पहिली एसटी गाठायची हाय.”

मालक दोन हातांच्या अंतरावर, स्टेअरिंगवर बसलेले. त्यांनी समोरच बघत मला सांगितलं, “तिला म्हनावं, आज जमत न्हाई. उद्या बघू. ढकला.”

मी मधे उभी. निरोप इकडून तिकडं न्यायचं माझं काम, पण न्यायला काही उरलंच नव्हतं. दोघांनी सगळं ऐकलं होतं. जाऊबाईनं पत्र्यावरचे हात काढून घेतले.

मीही काढले. फार मोठा विचार करून काढले असं नाही. थंडीनं पत्रा बर्फासारखा झाला होता आणि माझे खांदे दुखत होते. मला एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं की त्या जीपला हात लावणंच नको झालं.

“कावून थांबल्या?” मालक म्हणाले.

“एकटीच्यानं हालत न्हाई,” मी म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून त्यांना उलट सांगितलेलं माझं ते पहिलं वाक्य असेल.

ते चावी फिरवत राहिले. कुरकुर, पुन्हा कुरकुर. जाऊबाई आत गेली, खुंटीची पिशवी घेऊन आली आणि फाटकातून बाहेर पडली. तोवर उजाडायला लागलं होतं. ती मागच्या पांदीच्या वाटेनं गेली नाही, गावातून, मधल्या रस्त्यानं एसटीच्या फाट्याकडं गेली. डेअरीला निघालेल्या माणसांनी तिला बघितलं, मग फाटकातून आत बघितलं. जीप जागच्या जागी, मालक आत बसलेले, मागं मी पदर खोचून उभी. तात्या हातात दुधाची कॅन घेऊन थांबले. त्यांना सगळं उमजायला वेळ लागला नाही. “म्हंजी सेल्फ घरातच ठिवला व्हता म्हना की,” एवढंच ते म्हणाले. कुणी फार हसलं नाही. भावजी दात घासत ओट्यावर आले आणि मला म्हणाले, लोक काय म्हणतील. जिला सांगायचं होतं ती तेव्हा पार फाट्यावर पोहोचली होती.

तिला आई भेटली. तिनं स्वतःच्या हातानं कण्या शिजवून भरवल्या. म्हातारीनं दोन घास गिळले, जुनेराचा पदर बोटांत धरून ठेवला, आणि त्या आठवड्यातच गेली. मातीला आम्ही सगळे गेलो. त्या दिवशी जीप गल्लीतल्या गड्यांनी ढकलली, भर उजेडात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दिवस उरकून ती परत आली तेव्हा मालक केजहून नवी बॅटरी घेऊन आले होते. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चावी फिरवताच जीप चालू झाली. आम्ही दोघी सडा टाकता टाकता बघत राहिलो. इतकी साधी गोष्ट होती. मी पुष्कळदा विचार करते, ती आधी कुणाच्या मनात का आली नाही? जीप रोज चालू होतच होती, म्हणूनच असेल. जे रोज होतं ते कुणाच्या जिवावर होतं, हे विचारायला माणूस कधी थांबतो?

बाहेरच्या गाडीचा पार्ट आला तो भावजी निवडणूक हरल्यावर. मग ती गाडीही विकली गेली. पुढं मुलांच्या नोकऱ्यांपायी भावजींकडचे सगळे पुण्याला राहायला गेले. जाऊबाईचा आठवड्यातून एकदा फोन येतो. तिच्या मुलाकडं नवी गाडी आहे, चावी लागत नाही, नुसतं बटण दाबायचं. मागं एकदा म्हणाली, “पोरगा म्हनतो, आई, कुठं जायचं सांग, नेतो. म्होरच्या शिटावर बसवतो मला. पर कुठं जायचं अक्का? दिंद्रुडला आता कोन हाय?” मी म्हणाले, इकडं ये. ती म्हणाली, गुडघे बसू देत नाहीत गं गाडीत इतका वेळ. आणि मग आम्ही दोघी ज्वारीच्या पेरणीवर बोलत राहिलो.

थंडीच्या दिवसांत कधी पहाटे शेजारच्या तात्यांची जुनी गाडी लवकर चालू होत नाही. चावी फिरते, कुरकुर होते, थांबते, परत होते. मी बादली घेऊन अंगणात उभी असते. मला कुणी हाक मारलेली नसते. तरी माझे हात पदराला पुसून कोरडे झालेले असतात.