मी भाव सोडायला लागले तेव्हा

आगाशीच्या बाजारात माझ्याशी भाव करणं म्हणजे भांडणच. मासळीच्या एका पाटीवर धंदा सुरू करून मी घर बांधलं, ते या तोंडाच्या जोरावर. गिऱ्हाईक पापलेट खाली ठेवून निघालं की मी मागून असा आवाज टाकायची, की ते वळायचंच.

गेल्या वर्षी विरारच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप गळतेय, रक्त मागे फिरतंय. "आज ऑपरेशन नको. वर्षाने पुन्हा तपासू. पण दम लागायला लागला तर थांबू नका. हृदय थकायच्या आत झडप दुरुस्त व्हायला हवी."

घरी सगळ्यांचं लक्ष त्या दमावर. मुलगा विचारायचा, "आये, दम लागतो का?" लागणार कसा? पाटी तोच रिक्षात चढवायचा, आणि घराला जिना नाही. मी म्हणायची, "नाय रे."

मात्र मी भाव सोडायला लागले होते. गिऱ्हाईक मागेल त्या भावाला "ने बाय" म्हणायचं आणि मासळी पिशवीत टाकायची. दुसऱ्यांदा बोलायला छातीत वाराच उरत नसे. शेजारी बसणारी माझी जाऊ हसायची, "काय गो, देवमानूस झालीस का?" सून कौतुकाने सांगत फिरायची, "आमच्या सासूबाई किती शांत झाल्यात!"

जन्मभर माझ्या तोंडाला नावं ठेवली. ते तोंड बंद का पडलं, हे एकानेही विचारलं नाही. हा राग माझ्या मनातून जात नाही.

पाय सुजले, आडवं झोपता येईना, तेव्हा मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मशीनच्या पडद्यावर हृदय पाहिलं. "हृदय फार थकलंय. आता ऑपरेशनचाच धोका जास्त. आधी काहीच जाणवलं नाही?"

"नाही हो," मुलगा म्हणाला, "उलट आई शांत झाली होती."

डॉक्टरांनी मुंबईला दाखवायला चिठ्ठी लिहून दिली. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनीही ऑपरेशनला नकारच दिला.

आता उशांना टेकून दिवस काढते. परवा जाऊ बाजारातली माझी जागा मागायला आली.

"जागा माझी..." एवढ्यावरच मला थांबावं लागलं, पुढे बोलायला वाराच उरला नाही.

सुनेने पाणी पुढे केलं. "हो, तुमचीच. तुम्ही म्हणाल तशी देऊ."

मी पाणी प्यायले; त्यांनी तोच होकार धरला. दुसऱ्या दिवसापासून जाऊ तिथे बसायला लागली.