मागच्या चाकातली सरकी

माझ्या बहिणीच्या सासरी, म्हसावदला, मला आजही ‘म्हैसवाला मुराळी’ म्हणतात. आणि यात म्हशीचा काहीएक दोष नाही.

दोष टायरचा होता, असं मी आजवर सांगत आलो. सांगत तरी कुठे आलो म्हणा! विषय निघाला की मी गुरांना पाणी दाखवायला उठून जातो. (आता घरात एकही जनावर उरलेलं नाही, तरी जातो.) पण परवा माझ्या थोरल्याने मोटारसायकलचे टायर बदलायला काढले आणि भर जेवणात मला विचारलं, ‘‘बाबा, रोजच्या रस्त्याला टिकतील आणि वेळ पडली तर पळतीलही, असे कोणते घेऊ?’’  पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी विचारला होता, सायकलच्या टायरसाठी! तेव्हा म्हटलं, आता बोलून टाकू. पोरगं तरी वाचेल.

आमच्या खानदेशात अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात, आणि हा सण सासुरवाशिणींचा. लिंबाच्या झाडांना झोके बांधायचे, आमरस ओरपायचा, गाणी म्हणायची आणि सासूचं नाव चार दिवस तोंडातून काढायचं नाही. (गाण्यातून काढलं तर चालतं.) मात्र एक अट असते. लेकीने आपलं आपण निघून यायचं नसतं. माहेरचा माणूस न्यायला जातो, बहुधा भाऊ. तो मुराळी. मुराळी आला नाही, तर बाई सासरी कुरडया वाळत घालत बसली म्हणून समजा.

आणि मी ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्याच्या आदल्या वर्षी मुराळी गेला नव्हता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ‘‘जा’’ म्हटलं, मी ‘‘जातो’’ म्हटलं, आणि वाटेत कुस्त्यांचा फड लागला. शेवटच्या कुस्तीपर्यंत बसलो. कमलताई तिकडे गाठोडं बांधून दिवसभर दारात उभी. इकडे आईने बांधलेला झोका सण संपेपर्यंत तसाच लोंबत राहिला. मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून यंदा चूक होऊन चालणार नव्हती. आबांनी बैलगाडी न्यायला सांगितलं, ‘‘बन्सी, गाडं लई जाय. पोर आरामशीर येई.’’

‘‘आबा, सायकलवर भुर्रकन लई येस! गाडं काब्र जुपतस?’’

आबांना वाटलं, पोराला बहिणीची ओढ लागली. खरं कारण असं, की म्हसावदच्या वाटेवरच्याच एका गावात तरुण मंडळाने आखाजीच्या आदल्या दिवशी सायकलींची शर्यत ठेवली होती. बक्षीस : डायनामोचा दिवा! चाक फिरलं की पेटणारा! मी मनात सगळं नीट बसवलं. सकाळी शर्यत जिंकायची, दुपारी ताईला घ्यायचं, आणि अंधार पडलाच तर जिंकलेल्या दिव्याच्या उजेडात घरी. यात गाडं कुठेच बसत नव्हतं.

प्रश्न एकच होता, टायर. सायकलीचे जुने टायर आमच्या आबांच्या टाचांइतके भेगाळले होते. मी शहाद्याला छगनभाऊच्या सायकल-दुकानात गेलो. छगनभाऊने दोन जाती पुढे ठेवल्या. एक जाड, खोल नक्षीचा, दूधवाले आणि गूळवाले लावतात तो. उचलतानाच धाप लागावी असा. दुसरा पातळ, गुळगुळीत, मुंबईहून आलेला. नुसता भिंतीला टेकवला तरी पळतोय असं वाटे.

‘‘चालवनी कोठे शे? मैदानमा का रस्तावर?’’ छगनभाऊने विचारलं.

‘‘दोन्हीकडे.’’

‘‘दोन्हीकडे चाली असा टायर आजून कोनी बनाडा नही, भो!’’

‘‘मधला काही नाही का?’’

‘‘मधला म्हंजे रस्तावर बी रडी आनि मैदानमा बी रडी.’’

मी दोन्ही टायर दाबून पाहिले, वास घेतला, कानाशी धरून वाजवले. (टायर वाजवून काय कळतं, ते मला माहीत नाही. टरबूज असंच घेतात.) आणि मग मला ती कल्पना सुचली. एक जाड, एक पातळ! पुढे रस्त्याचा, मागे शर्यतीचा!

‘‘मांगे पातळ?’’ छगनभाऊने भुवया वर नेल्या.

‘‘सायकलीला ढकलतं कोण? मागचं चाक! मग पळणारा टायर कुठे पाहिजे?’’

छगनभाऊ विचारात पडला आणि चक्क म्हणाला, ‘‘बात तं बरोबर शे!’’ इतकंच नव्हे, तर त्या दिवसापासून तो हीच अक्कल दुसऱ्या गिऱ्हाइकांना वाटू लागला असं ऐकतो.

आता खरं सांगतो. मागच्या चाकावर कॅरिअर असतं, आणि कॅरिअरवर ताई बसणार होती. हे त्याने विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. मला ते आठवत होतं. इतकं आठवत होतं, की दुसऱ्याच बाजूला बघून मी टायर बसवून घेतले.

शर्यतीसाठी सायकल हलकी करायला हवी होती. मडगार्ड काढले. स्टँड काढलं. घंटी काढली. पंप आणि पंक्चरचं सामान लोखंडाचं ओझं म्हणून घरी ठेवलं. कॅरिअरच्या नटालाही पाना लावला होता, तेवढ्यात ताईची आठवण झाली. (फक्त कॅरिअरपुरती.)

शर्यतीचं मैदान म्हणजे गावाबाहेरचं मोकळं खळं. पाच फेऱ्या. आडव्या गेलेल्या गुरांमुळे शर्यतीचा विचका होऊ नये, म्हणून मंडळाच्या हुशार कार्यकर्त्यांनी मैदानाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. शिट्टी वाजली आणि मी सुटलो! खोटं कशाला सांगू, तशी सायकल मी आयुष्यात पुन्हा चालवली नाही. मागचं चाक जमिनीला लागतच नव्हतं! पहिली फेरी संपली, तेव्हा बाकीचे माझ्या पाठीमागे होते. दुसऱ्या फेरीत मी इतका पुढे होतो, की मागे वळून दूधवाल्या सायकलीकडे बघून हसलो.

हसताना वळण हुकलं आणि मी कुंपणाच्या कडेने गेलो.

फस्स्स!

ज्या दूधवाल्याला मी हसलो, तो दुधाचे रिकामे कॅनसुद्धा न काढता, त्याच काट्यांवरून जाड टायर खडखडवत गेला आणि डायनामो घेऊन गेला. मी सायकल ढकलत म्हसावदची वाट धरली. वाटेत एक माणूस मला म्हणाला, ‘‘भो, सायकल आजारी शे का?’’ मी मान हलवली. 

म्हसावदला पोचलो, तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. ताई दारातच होती. गाठोडं बांधलेलं. गेल्या वर्षीचंच गाठोडं असावं, असं उगाच वाटलं. तिच्या सासूबाई, जमनामावशी, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. अंगाने किरकोळ, पण त्या ओट्यावरून खाकरल्या की गल्लीतली बसलेली कुत्री उठत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे.

‘‘पाव्हना, सायकलनी तुमले आनं, का तुम्ही सायकलले आनं?’’

‘‘मावशी, जरासं पंक्चर शे.’’

‘‘मंग मन्ही सून काय खांदावर लई जाशात?’’

 मावशींनी उन्हाकडे पाहिलं आणि निकाल दिला, ‘‘दिवस मावळाना आत चाक फिरनं तं धाडसू. नही तं पुढला वरीसले.’’

 ताईने गाठोडं नुसतं खांद्यावरून काढून खाली ठेवलं. ते ठेवताना झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. मऊ कपड्यांचं गाठोडं होतं, आवाज फारसा होण्यासारखा नव्हता.

गावात पंक्चरवाला सणासाठी आपल्या माहेरवाशिणीला आणायला गेलेला. (तो चांगला भाऊ होता.) आणि ट्यूब तर व्हॉल्व्हपाशी फाटून चिंधी झालेली. टायरमध्ये काहीतरी कोंबायला हवं होतं. गवत म्हणावं तर वैशाखात गवत कुठलं? कापूस म्हणावा तर बसून चपटा होणार. मी गोठ्यात शिरलो आणि मला घमेल्यात दिसली सरकी! म्हशीसाठी भिजत घातलेली. टपोरी, फुगलेली. माझ्या डोक्यात पुन्हा एकदा उजेड पडला. कोरडी सरकी खडखडते, भिजलेली कशी दबते आणि परत वर येते! फुगलेली सरकी म्हणजे हवाच की!

जुन्या धोतराची लांब नळी शिवली, तीत सरकी ठासली, ती टायरमध्ये बसवली आणि वरून सुतळी आवळली. उरलेली सरकी पिशवीत भरून हँडलला अडकवली, स्टेपनी म्हणून. मावशींनी पदर नाकाला लावून चाक फिरवून पाहिलं. चाक फिरलं. शब्दाला जागणारी बाई. ‘‘जाय, कमल,’’ एवढंच म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. मी त्या म्हशीचं संध्याकाळचं जेवण चाकात भरलं होतं.

गाव मागे पडलं. ताई कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली होती आणि दोन वर्षांचं साठलेलं भराभर बोलत होती. मधेच थांबली.

‘‘बन्सी, मांगे चांदणी येई ऱ्हायनी.’’

‘‘आत्ता? आजून तं उजेड शे!’’

‘‘आभायनी नही रे! मन्ही सासूनी म्हैस!’’

वळून पाहिलं. खुंटा उपटून आलेली म्हैस, गळ्यात खुंट्यासकट दोरी, आणि डोळे आमच्या मागच्या चाकावर! टायरमधून सरकीचं पाणी ठिबकत होतं, त्याच्या वासावर ती चालत होती. सुतळीच्या फटीतून मधूनमधून दाणे गळत. ती जीभ काढून टिपे आणि चालू लागे.

‘‘ताई, थांबू? परत नेऊन बांधू तिला?’’

खरं म्हणजे हाच भल्या माणसाचा रस्ता होता. ताईने एक क्षण मागे पाहिलं, एक क्षण पुढे.

‘‘थांबू नको! मांगे गऊत तं आखाजी गई! पय!’’

मी पायडल हाणलं. म्हैसही धावली! ताईने तिला अडवायला हँडलवरची पिशवी ओढून घेतली आणि मूठभर सरकी रस्त्यावर फेकली. म्हैस थांबली, खाल्ली आणि दुप्पट विश्वासाने निघाली. ताईने आणखी एक मूठ फेकली. पुढे तर अशी पाळी आली, की ताई मूठ मागे घेई आणि म्हैस आधीच तोंड उघडे!

शर्यतीच्या गावातून आम्ही गेलो तेव्हा मंडळाची पोरं अजून पारावरच बसलेली होती. पुढे मी, घामाने निथळणारा. मागे ताई, दाणे पेरणारी. तिच्या मागे शेपूट वर केलेली म्हैस! सगळी उठून उभी राहिली. टाळ्या पडल्या!

‘‘भो, सकाळले असा पयता तं दिवा तुन्हाच व्हता!’’

आमच्या दारात पोचलो तेव्हा धोतराची नळी चाकाबाहेर येऊन साडीच्या पदरासारखी मागे लोळत होती आणि तिचं दुसरं टोक चांदणीच्या तोंडात होतं. आईने लेकीवरून भाकरतुकडा ओवाळला, कपाळाला कुंकू लावलं आणि मग तिला म्हैस दिसली.

‘‘माय वं! इहीनबाईनी म्हैस बी धाडी?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’ (दुसरं काय म्हणणार?) आईने म्हशीलाही कुंकू लावलं.

आखाजीच्या दिवशी सकाळी बैलगाडी दारात येऊन उभी राहिली आणि तीतून जमनामावशी उतरल्या. आबा नेसतं धोतर सावरत पुढे झाले. सगळं त्यांना रात्रीच कळलं होतं आणि ते माझ्याशी बोलत नव्हते. ताई झोक्यावर होती. ती झोका थांबवून पायाने जमीन धरून बसली. मावशींना म्हैस न्यायची होती, पण गाडी तर मोठी होती. सूनही मावली असती, आणि ताईला धास्ती तीच होती.

‘‘मन्ही म्हैस कोठे शे?’’

मी बोट दाखवलं. लिंबाखाली चांदणी कुंकू लावून बसली होती आणि आंब्याच्या साली चघळत होती. सासरहून सुटून आलेल्या बाईच्या तोंडावर जे समाधान असतं ना, अगदी तेच!

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग झोक्याकडे. मग ओट्यावर टेकल्या आणि पाणी मागितलं.

‘‘मले शेवटला मुराळी कव्हय उना व्हता, याद बी नही,’’ त्या कोणालाच न उद्देशून म्हणाल्या. ‘‘भाऊ गया, मंग कोन येस? यंदा ह्या म्हैसनी मले आखाजीले आनं.’’

मग उठल्या, झोक्यापाशी गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘सरक जराशी. एकलीच झोका खाशी का?’’

त्या चार दिवसांनी गेल्या. ताई, म्हैस आणि त्या, तिघी एकदमच गेल्या. जाताना त्या वेशीपर्यंत मागे वळून बघत होत्या. ताईही. चांदणी तर फारच.

टायरबद्दल पोराला आता काय सांगू? दोन्हीकडे चालणारा टायर असतो की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. पुढल्या वर्षी मात्र मी मागेपुढे दोन्हीकडे जाड टायर बसवले, मडगार्ड चढवले, पंप बांधला, वेळेआधी आठ दिवस तयार होऊन बसलो. तेवढ्यात म्हसावदहून मावशींचा निरोप आला :

‘‘पाव्हनाले म्हना, तरास लेऊ नका. चांदणीले रस्ता माहीत शे. मी आनि कमल तिन्हा मांगे मांगे येतस.’’