ब्रेकमधलं बोलणं

आमच्या घरात माझे आईवडील एकमेकांशी बोलायचे ते फक्त जाहिरातींच्या वेळी. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. तशी पद्धतच पडून गेली होती.

परळच्या चाळीतल्या खोलीत आम्ही दहा माणसं राहायचो. तिथे आईने बाबांशी काही बोलायचं म्हणजे आजीच्या, आत्याच्या आणि शेजारच्या दोन बिऱ्हाडांच्या कानावर घालूनच बोलायचं. म्हणून ती बोलायचीच नाही. मग मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात आम्ही वन रूम किचन घेतलं. ताईचं लग्न होऊन ती इंग्लंडला गेली. बाबा ऑफिसातून रिटायर झाले. आता घरात तिघंच उरलो, आई, बाबा आणि लग्न न जमलेली मी. बोलायला हवी तेवढी मोकळीक होती, पण दोघांची सवय गेली होती. संध्याकाळी बाबा टीव्हीसमोर बसायचे आणि कार्यक्रम चालू असताना कुणी शब्द काढला तर अंगावर यायचे.

जाहिरातींवर मात्र त्यांचा भयंकर राग. जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या आवाजात लावतात हे खरंच आहे. त्यातून आमच्या बिल्डिंगमध्ये भिंती कागदाच्या. वरचे, खालचे, समोरच्या विंगमधले, सगळ्यांचे टीव्ही एकदम ओरडायला लागायचे. "जेवायला बसलं की नेमके दारात येतात भिकारी," असं म्हणत बाबा रिमोट उचलायचे आणि आवाज बंद करून टाकायचे. घर एकदम शांत व्हायचं. त्या शांततेत, पडद्यावर कुणीतरी मुकाट्याने दात घासत असताना, आई बोलायला लागली. केव्हा आणि कशी, ते मला आठवत नाही. मला आठवतं तेव्हा ते सुरूच होतं.

"अहो, ऐका," अशी सुरुवात व्हायची. मग उद्या पाणी येणार नाहीये, समोरच्या गुजराती बेनच्या सुनेला दिवस गेलेत, रत्नागिरीहून भावोजींचा फोन होता. बाबा पडद्यावरची मुकी जाहिरात बघत "हं" म्हणायचे. पण ऐकायचे. मध्येच "कोण, थोरला का धाकटा?" असं नेमकं विचारायचे. कार्यक्रम परत लागला की आई जिथे असेल तिथे थांबायची. वाक्य अर्धं असलं तरी थांबायची. पुढच्या ब्रेकला त्याच शब्दावरून उचलायची. मला हसू यायचं. ऑफिसात मैत्रिणींना मी सांगायचे, आमच्याकडे मालिका दोन चालतात, एक टीव्हीवरची आणि एक आईची.

ताईला दिवस गेले तेव्हा आई बाळंतपणाला इंग्लंडला गेली. जाताना तिने बाबांना डब्यांच्या जागा दाखवल्या, गोळ्या दाखवल्या, आणि विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "जरा बोलत जा गं त्यांच्याशी. स्वतःहून ते बोलायचे नाहीत." मी हो म्हटलं. प्रयत्नही केला. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी आवाज बंद केला, मी माझ्या ऑफिसातलं काहीतरी सांगायला लागले, तर त्यांनी माझ्याकडे इतक्या आश्चर्याने पाहिलं की मी उठून पोळ्या लाटायला गेले.

तिकडून आईचा फोन यायचा रविवारी. तिला सगळ्यात मोठं नवल वाटलं होतं ते तिथल्या टीव्हीचं. "इथे एका चॅनेलवर जाहिरातच नाही हो," ती म्हणाली. "अजिबात नाही. लोक म्हणे टीव्ही बघायचे वर्षाचे पैसे भरतात."

बाबा खूष. "याला म्हणतात सुधारलेला देश."

"कसला सुधारलेला? जावई बसतात ते दीड-दीड तास हलत नाहीत. बोलायचं कधी माणसाने? पाणी मागायचं तर सिनेमा संपायची वाट बघते मी. दुसऱ्या चॅनेलवर येतात जाहिराती, पण सांगून सवरून, मोजक्या. मी मनात वाक्य जुळवते तोवर संपतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे नुसता."

जावई वाईट नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की सासूबाईंना बोलायला ब्रेक लागतो.

पण रविवारच्या त्या फोनवरही दोघांचं जमेना. बाबा म्हणायचे, "बरी आहेस ना? मग ठेवू?" आईही गप्प व्हायची. नुसतं समोरासमोर बोलायचं, मध्ये काही नसताना, हे दोघांनाही नवं होतं. शेवटी आईनेच तोड काढली. आपल्याकडची आठची मालिका लागते तेव्हा तिकडे दुपारचे अडीच वाजलेले असायचे. बाळ, म्हणजे ताईचा मुलगा, त्या वेळेला झोपलेला असायचा. आई रोज बरोबर तेव्हा फोन लावायची. आमच्या फोनला स्पीकर होता. बाबा तो चालू करून फोन टीपॉयवर ठेवायचे. आई तिकडे बसून मालिका नुसती ऐकायची. जाहिरात लागली की बाबा आवाज बंद करायचे आणि फोनमधून यायचं, "अहो, ऐका." मालिका परत लागली की तीच म्हणायची, "लागलं तुमचं, बघा." आणि गप्प होऊन ऐकत राहायची. ताई वैतागायची, "आई, परदेशी फोनच्या महागड्या कार्डावर तू मालिका ऐकतेस?" आई तिला म्हणायची, तुला नाही कळायचं.

असे काही आठवडे फार चांगले गेले. नंतर बाबांचे डोळे पिवळे दिसायला लागले.

आधी वाटलं कावीळ. पेणकरपाड्यात एक म्हातारे औषध देतात, तेही घेऊन झालं. मग बोरिवलीला मोठ्या डॉक्टरकडे गेलो, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हाला दोघांनाही समोर बसवून सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, आणि ऑपरेशन करण्याच्या पलीकडे गेला होता. फार दिवस नाहीत, असं ते म्हणाले. बाबांनी त्यांचे आभार मानले. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "तिला सांगायचं नाही."

"बाबा, असं कसं?"

"कधीच सांगायचं नाही असं नाही म्हणत. पण मी सांगेन. तू तोंड उघडायचं नाहीस. पोरीचं सिझर झालंय, ओली बाळंतीण आहे. आईने काय करायचं, तिला तशीच टाकून यायचं?"

मला राग आला. बाबांचा, ताईचा, त्या न बघितलेल्या बाळाचाही आला. आईच्या परतीच्या तिकिटाला अजून अडीच महिने होते आणि डॉक्टर अडीच महिन्यांचं नाव काढत नव्हते. पण रिक्षातल्या त्या माणसाचा आवाज असा होता की मी हो म्हटलं. तुम्हीच सांगा, पण लवकर सांगा, एवढंच म्हटलं.

त्यांनी खरंच ठरवलं होतं सांगायचं. मी स्वयंपाकघरातून बघत होते ना. जाहिरात लागली की आवाज बंद करायचे, घसा साफ करायचे, "हे बघ," म्हणायचे. तोवर आईचं सुरू झालेलं असायचं. बाळाने आज काय केलं, ताईला डिंकाचे लाडू आवडत नाहीत, तिकडे मेथी मिळते पण कडू नसते. बाबा "हं" म्हणायचे. ती श्वास घ्यायला थांबली की पुन्हा "हे बघ" म्हणायचे, आणि नेमकी मालिका परत लागायची. बाबा सवयीने आवाज लावायचे. आई सवयीने म्हणायची, "लागलं तुमचं."

मी आयुष्यभर जाहिरातींना शिव्या घातल्या. त्या दिवसांत मात्र गॅससमोर उभी राहून मी जाहिराती मोजायचे. अजून एक येऊ दे, म्हणायचे. अजून एक साबण, अजून एक तेल, कुणाची तरी मोटरसायकल येऊ दे, पण एवढ्यात नको संपू दे. एरवी संपता संपत नाहीत मेल्या. आणि त्याच दिवसांत त्या सगळ्यांत आखूड वाटायच्या.

एकदा तर त्यांनी सुरुवात केलीसुद्धा. "हे बघ, मला जरा..." म्हणाले.

आई म्हणाली, "काय जरा?"

"जरा अशक्तपणा आहे."

"दूध घेत नसाल तुम्ही. तिला सांगा, रात्री दुधात हळद घालून दे म्हणावं." आणि मालिका लागली.

बाबा दिसामाजी वाळत चालले होते. शर्ट अंगावर लोंबायला लागले. समोरची बेन दारात भेटली की विचारायची, "अंकल को क्या हुआ रे, इतने सूख गए? भाभी कब आएगी?" मी म्हणायचे, आएगी, आएगी. आणि दार लावून रडायचे. ताईला कळवायचं किती वेळा मनात आलं. फोनपर्यंत जायचे आणि परत यायचे. शब्द दिला होता, आणि मला वाटायचं की हे बाबांनी सांगितलं नाही तर आईला ते पुढे कधीच सहन होणार नाही. मेल्यावर कळलेलं आणि माणसाने स्वतः सांगितलेलं, यात फरक असतो.

मग तो दिवस आला. मालिकेत नायिकेचं कधीपासून अडलेलं लग्न एकदाचं लागणार होतं. बाबा दुपारी झोपून उठले तेव्हाच थकलेले दिसत होते. आठला आईचा फोन आला. पहिल्या ब्रेकला बाबांनी आवाज बंद केला. आईने सुरुवात केली. मी आत भाकरी थापत होते. पहिली झाली, दुसरी झाली, तव्यावर तिसरी टाकली, तरी बाहेर टीव्हीचा आवाज आला नाही. आई बोलतच होती. वरच्या मजल्यावरून मला मालिकेतल्या मंगलाष्टका स्पष्ट ऐकू येत होत्या. मी गॅस बारीक केला आणि दारात जाऊन उभी राहिले.

आई सांगत होती, बाळ कसं कुशीवर वळायला बघतंय. सांगता सांगता तिचा वेग कमी झाला. मग ती म्हणाली, "केवढा मोठा ब्रेक आहे आज."

बाबा म्हणाले, "हं."

"अहो, एवढा नसतो कधी. आवाज बंद ठेवलाय ना तुम्ही? मालिका लागली असेल."

"लागली."

"लागली आणि बघत नाही?"

"नाही."

मला वाटलं कार्ड संपलं. मग आई अगदी हळू म्हणाली, "काय झालंय ते सांगा."

आणि बाबांनी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, मला गप्प बसवलं होतं तेही सांगितलं. न अडखळता, ऑफिसातला कागद वाचून दाखवावा तसं. शेवटी म्हणाले, "तू ये आता." त्यांनी आईला कधी 'ये' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती, ती नेहमी इथेच असायची.

आई रडली नाही. तिने विचारलं, "दुखतं का फार?"

"रात्री दुखतं."

"मी येते."

फोन कुणीच ठेवला नाही. मालिका संपली, पुढची लागली. मधूनमधून आई काहीतरी विचारायची, बाबा सांगायचे. मी आत गेले तर भाकरीचा कोळसा झाला होता.

जावयांनी धावपळ करून तिकीट बदलून दिलं. पुढच्या आठवड्यात आई आली. त्यानंतर बाबा महिनाभर होते, पण शुद्धीवर असे थोडेच दिवस. औषधाने त्यांना सतत गुंगी असायची. आई उशाशी बसायची, बोलायला जायची, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. शेवटी शेवटी ती नुसती हात धरून बसायची. एका पहाटे ते गेले. आईने सगळं रीतसर केलं, आल्यागेल्यांचं चहापाणी बघितलं, बेनला धीर दिला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. नातेवाईक कुजबुजले, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला तिची भीती वाटायला लागली होती.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. आईने मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी फोनवर आम्ही बोलत होतो, तेव्हा टीव्हीवर काय चाललं होतं?"

"लग्न लागत होतं तिचं," मी म्हटलं.

"त्यांनी बघितलं? आवाज नसला तरी चित्र दिसत असेल ना. ते बघायचेच, मी बोलत असले तरी."

"नाही गं. मी दारातून बघत होते ना. ते खुर्ची फिरवून टीव्हीकडे पाठ करून बसले होते. फोनकडे बघत होते. तू बोलत होतीस तेवढा वेळ फोनकडेच बघत होते."

आईचा हात तांदळात तसाच राहिला.

"मला कुठे दिसलं गं ते," ती म्हणाली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.