लक्ष्मीखालची जाळी

आशाबाई बोलायला लागल्या की मशीनचा आवाजही कमी वाटतो. अकोल्यातल्या एका डाळमिलमध्ये त्या अकरा वर्षांपासून मशीनमध्ये तूर सोडतात. यंदा दसऱ्यानंतर पंधराव्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट पट्ट्यात गेलं आणि शेंड्याचं पेर तुटलं.

मालक गजेंद्रभाऊ तसे वाईट नाहीत. दवाखान्याचा खर्च त्यांनीच केला. वर म्हणाले, "दिवाळीले चांगली साडी घेऊन देतो, आशाबाई. मिटवा आता."

"साडी देता, पण निऱ्या कोण घालून देईन जी? तुमी?"

भरपाईचा अर्ज मी लिहून दिला. मी शेजारीच राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यापासून गल्लीतले सगळे कागद माझ्याकडेच येतात. कायदा दोनदा वाचला. कामावर इजा झाली, तर कामगाराची नजरचूक असली तरी भरपाई मिळते. वय, पगार आणि कोणतं बोट किती गेलं, यावरून रक्कम ठरते. पण पट्ट्यावरची संरक्षक जाळी कामगाराने स्वतः, मुद्दाम काढली असेल, तर मालक सुटू शकतो. गजेंद्रभाऊंनी अर्जावर हरकत घेऊन नेमकं तेच लिहून दिलं होतं.

"मी काढली?" आशाबाई भडकल्या. "अरे, दसऱ्यापासून जाळी दिसूनच नाही राहिली! दोनदा सांगतलं त्याइले."

सांगितलं होतं, पण तोंडी. आणि जाळी काही सापडेना.

चौकशीला कारखाना निरीक्षक आले, तेव्हा आशाबाईंसोबत मीही गेलो. पट्ट्याची पुली अजून उघडीच होती. ती पाहून झाल्यावर गजेंद्रभाऊंनी सगळ्यांना चहाला ऑफिसात नेलं. कामगारांचा पगार खिडकीतून होतो, त्यामुळे आशाबाई आत पहिल्यांदाच येत होत्या. कोपऱ्यात लाल कापडावर लक्ष्मीची तसबीर होती. आशाबाई पाया पडायला वाकल्या, त्या वाकलेल्याच राहिल्या.

"काय झालं, बाई?" निरीक्षकांनी विचारलं.

"साहेब, लक्ष्मी माह्या जाळीवर बसून राहिली!"

कापडाची एक कड वर सरकली होती. कापड उचललं. खाली डब्यासारखी हिरवी लोखंडी जाळी उपडी घातलेली. आशाबाईंच्या सुपाचा मार लागून आलेला पोचासुद्धा जागेवर होता. मी बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजलं, मशीनवर जाऊन पुन्हा मोजलं. तंतोतंत जुळलं.

गजेंद्रभाऊंनी कपाळावर हात मारला. दसऱ्याला मशीन पुजायला जाळी खोलली होती. देवीचा पाट ठेंगणा वाटला म्हणून त्यांच्या घरच्यांनी तीच खाली घातली. पुढे मांडलेला देव हलवायचा कोणी?

"मले खरंच आठवलं नाही, आशाबाई."

"तुमाले नाही आठवलं, तर तिनं आठवण देली ना!"

निरीक्षकांनी हसू दाबत सगळं लिहून घेतलं. गजेंद्रभाऊंनी हरकत मागे घेतली. नियमाप्रमाणे भरपाई आयुक्तांकडे जमा झाली आणि तिथून आशाबाईंना मिळाली.

परवा त्या मिलसमोर ऑटोतून उतरल्या, त्या सागवानी चौरंग घेऊनच.

"घ्या जी, देवीले जागा झाली. आता जाळी काढली, तर तुमालेच बसवीन याच्यावर!"