गिरिजाचा होकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. सोलापुरात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो आणि पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होतो. विषय — दुसऱ्याचं मन आपल्याला कळतं कसं? माझं म्हणणं, ते तर्कानं ताडावं लागत नाही. माणसाचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर, हातांत सरळ दिसतं. आपण फक्त बघायचं. प्रबंध उत्तम झाला. आजही त्यातलं एक वाक्य मी बदलणार नाही. म्हणून तर हे सांगणं जड जातंय.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, गिरिजाला, करमाळ्याचं स्थळ आलं. अडत दुकानवाले. मुलाचे मामा आमच्या कॉलेजच्या संचालक मंडळावर, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती — लक्षात आलं ना? मंडळी शुक्रवार पेठेत आमच्या घरी आली. गिरिजाला विचारलं. "चालेल," ती म्हणाली. म्हणताना पदराचं टोक अंगठ्याभोवती इतकं आवळलं होतं, की नख पांढरं पडलं. आणि ती बघत होती माझ्याकडे.

पाहुणे गेल्यावर अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला बाजूला घेतलं.

"पोरगी मनापासनं म्हणली का रं? मला काय कळंना. तू तर ह्याचाच अभ्यास करतोस की."

आणि मी — मी म्हणालो, "अप्पा, दुसऱ्याच्या मनातलं कुणाला कळतंय? ती हो म्हणाली, तेच खरं धरायचं."

प्रबंधात पानोपानी जे मत खोडून काढत होतो, नेमकं तेच.

लग्न झालं. मी कायम झालो. गिरिजाला सासरी मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. पण दिवाळीला आली तेव्हा, घरभर बडबड करणारी ही मुलगी विचारलं तेवढंच बोलत होती. परत निघाली तेव्हा स्टँडवर सोडायला मीच गेलो. एसटीची वाट बघताना तिनं एकदम विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुला दिसलं नव्हतं का रे?"

"नाही गं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि पिशवी उचलून गाडीत चढली. त्यानंतर तिनं मला मनातलं कधी काही सांगितलं नाही.

मला दिसलं होतं. स्वच्छ दिसलं होतं. आधी अप्पांशी खोटं बोललो, मग तिच्याशी — आणि दोन्ही वेळा आपण काय करतोय, ते मला पुरतं ठाऊक होतं.