एवढी टीप मारून उठते

आमच्या घरचं जेवण थोडं करपलेलं असायचं. पातेल्याच्या तळाला बटाटा धरायचा, कांद्याच्या कडा काळ्या व्हायच्या आणि तो वास सगळ्या रश्शात उतरायचा. रोज असं व्हायचं म्हटलं तर आईवर अन्याय होईल, पण आठवड्यातले बरेच दिवस व्हायचं. आईला स्वयंपाक उत्तम यायचा. घोळ सगळा मशीनचा होता.

आई घरी शिवणकाम करायची. मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, स्वयंपाकघर आत, आणि मधलं दार कधीच लागायचं नाही, कारण दारामागे लोकांच्या कापडांची गाठोडी रचलेली. रस्सा गॅसवर चढवायचा, आच बारीक करायची आणि शिजेपर्यंत काय हातावर हात धरून बसायचं, म्हणून मशीनवर बसायचं, हा तिचा रोजचा हिशोब. पाय पायडलवर पडला की मग तिला जगाचा विसर पडायचा. आतून वास यायला लागला की घरात जो कोणी असेल तो ओरडायचा, "लागतंय गं!" आणि बाहेरून ठरलेलं उत्तर यायचं, "एवढी टीप मारून उठते."

टीप अर्ध्यात सोडली की पुन्हा धरताना रेघ हलते, गळा वाकडा बसतो, हे मला ती शंभरदा समजावून सांगायची. "कपडा लोकांचा आहे, भाजी आपली आहे," असं म्हटलं की विषय संपला. यावर कोण काय बोलणार? बोलायची फक्त आजी, म्हणजे बाबांची आई. तिला देवाने तोंड मात्र सढळ हाताने दिलं होतं. चार बायका बसलेल्या असल्या की हमखास म्हणायची, "आमच्या सूनबाईंच्या हाताला चव आहे हो, पण नाकाला कुलूप आहे." नाहीतर, "हिच्या भाजीला फोडणी दोनदा बसते. एकदा वरून आणि एकदा खालून!" बायका हसायच्या. आईही हसायची, पण तिचे कान लाल व्हायचे. संध्याकाळी ती मोरीत बसून पातेल्याचा तळ असा घासायची की वाटावं, त्या भांड्याने तिचं काही वाईट केलंय. वाढताना तिचं पहिलं वाक्य असायचं, "आज जरा लागलंय हं, वरवरचं घ्या."

आणि बाबा म्हणायचे, "मला खालचं वाढ."

बाबा घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे. दिवसभर जिने चढायचे, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाकायचे, आकडे टिपायचे. पण माणूस मूळचा खवय्या. मीटरकडे डोळे आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांकडे नाक, अशी त्यांची नोकरी चालायची. दुपारी घरी आले की बूट काढता काढता बातम्या सुरू. "बेकरीमागच्या घरात आज मासे. शिक्षिकाबाईंनी लसूण जास्त टाकलाय. आणि डॉक्टरांकडे नुसतं दूध उकळतंय, बिचारे!" मग हातपाय धुऊन ताटावर बसायचे, पातेलं स्वतःच पुढे ओढायचे आणि उलथन्याने तळाची खरवड काढायला लागायचे. त्या खरवडीवरून माझी आणि त्यांची मारामारी व्हायची. पावाच्या तुकड्यावर ती काळसर, चिकट, गोडूस पापुद्र्यांची थप्पी ठेवून आम्ही डोळे मिटून खायचो.

आईला वाटायचं, हा माणूस आपल्याला सांभाळून घेतोय. करपलेलं स्वतः खातोय, म्हणजे चांगलं इतरांच्या वाट्याला येईल. त्या समजुतीने तिला आणखी लाज वाटायची, आणि बाबांबद्दल मायाही.

बाहेर सगळीकडे असंच शिजत असणार, असं मी धरून चालले होते. पहिल्यांदा मैत्रिणीकडे जेवायला गेले तेव्हा रस्सा तोंडात घातला आणि मला काही कळेचना. तिखट होता, मीठ होतं, पण काहीतरी राहून गेलं होतं. मी आपली भाबडेपणाने विचारून बसले, "काकू, तुमची भाजी आज करपली नाही का?" ती गोष्ट माझ्याआधी आमच्या घरी पोचली. "माझी अब्रू वेशीवर टांगलीस," आई म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बाबा मात्र मला बाहेर नेऊन हळूच विचारत होते, "काकूंचा रस्सा अगदीच पांचट होता का गं?"

एकदा बाबांचे साहेब जेवायला येणार होते. त्या दिवशी आईने मशीनवर चादर टाकली आणि सकाळपासून गॅससमोर स्टूल टाकून पहारा दिला. काहीही लागलं नाही. साहेब बोटं चाटत जेवले. आजीसुद्धा गप्प. आई पुढे कितीतरी महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मनात आणलं ना, तर मला येतं." बाबा त्या दिवशी अर्धपोटी उठले, हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही. साहेबांसमोर संकोचले असतील, असं मला वाटलं.

अशी वर्षं गेली. आजी गेली. माझं लग्न होऊन मी चार गल्ल्या पलीकडे राहायला गेले. बाबा निवृत्त झाले. आणि आईची नजर मधोमध धुरकट झाली. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं दिसायचं नाही. डॉक्टर म्हणाले, आहे एवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. सुईचं नाक दिसेना तेव्हा आईने गिऱ्हाइकांना एकेक करून नाही म्हटलं. मशीनवर कापड अंथरलं. त्यावर बाबांच्या औषधाच्या बाटल्या, फोन, चष्म्याचं घर असं काय काय येऊन बसलं. मशीन असं मुकं झालेलं बघून मला रडू यायचं. आई रडली नाही. ती स्वयंपाकघरात गेली.

आता तिच्याजवळ वेळच वेळ होता. नजर कमी म्हणून ती गॅसपासून हलायचीच नाही. डाव हातात धरून उभी. बटाटा पिवळाधमक, कांदा गुलाबी, तळ आरशासारखा लख्ख. मला ती पातेलं उलटं करून दाखवायची. "बघ! आज सासूबाई असत्या तर तोंडात बोटं घातली असती त्यांनी." उतारवयात का होईना, तिची मान वर झाली होती.

नेमकं त्याच वर्षी बाबा आजारी पडले. पोटाचं ऑपरेशन झालं, ते निभावलं, पण घरी आल्यावर त्यांचं जेवणच तुटलं. दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. जिने चढून चढून दगडासारखे झालेले पाय काड्यांसारखे दिसायला लागले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषधं मी देईन. पण पोटात काही गेलं नाही, तर औषधं एकटी काय करतील?" आई दिवसातून चार वेळा नवं काही करायची. अंडी, खिमट, दुधातला भात. बाबा चव घ्यायचे, म्हणायचे, "चांगलं झालंय," आणि चमचा खाली ठेवायचे. ते "चांगलं झालंय" ऐकून आईचा चेहरा पडायचा. "माझ्या हाताची चवच गेली," ती मला म्हणाली. "डोळ्यांबरोबर तीही गेली."

एका दुपारी ती दुकानात गेली असताना मी बाबांपाशी बसले आणि जरा चिडूनच विचारलं, "बाबा, तुम्हाला जगायचंय की नाही?"

"जगायचंय गं," ते म्हणाले. दाराकडे बघून घेतलं. "पण ते करपत नाही ना आता."

मला हसावं की रडावं कळेना. "मग सांगा की तिला!"

"वेडी आहेस का? जन्मभर जिने त्याच गोष्टीवरून बोलणी खाल्ली, आज कुठे तिला जरा मिरवायला मिळतंय, तिला मी सांगू, की तू भाजी जाळ? त्यापेक्षा उपाशी मेलो तरी चालेल." मग हळूच म्हणाले, "तुझ्याकडे ब्लेड आहे का?"

दुसऱ्या दिवशी आईने कांदा परतून बटाटे टाकले, तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा क्षीण आवाज आला, "अगं, ही उशी उसवलीय. कापूस नाकात जातोय."

"देते नंतर शिवून."

"श्वास कोंडतोय गं!"

आजारी माणसाच्या श्वासापुढे रश्शाचं काय चालणार? आईने मशीनवरच्या बाटल्या उचलल्या. सुई मी ओवून दिली. सरळ टीप होती, तिला डोळ्यांची गरज नव्हती, बोटांनी चाचपत तिने कापड सुईखाली सरकवलं. कितीतरी दिवसांनी घरात तो आवाज झाला. बाबा उठून बसले. थोड्या वेळाने आतून वास आला, मी सवयीने ओरडले, "आई, लागतंय!" आणि सवयीनेच उत्तर आलं, "एवढी टीप मारून उठते."

त्या दिवशी बाबांनी दोनदा भात मागून घेतला. आई कपाळाला हात लावून बसली होती. "मेलं, इतक्या दिवसांत एकदाही लागलं नव्हतं!" बाबा म्हणाले, "असू दे गं. भुकेला चव नसते. वाढ."

मग काय, त्या घरातली एकही शिवण सुरक्षित राहिली नाही. उशांचे अभ्रे, बाबांचे शर्ट, पडद्यांच्या दुमडी. बाबा पांघरुणाखाली ब्लेड घेऊन बसायचे आणि मी राखण करायची. दोघांनाही मनापासून मजा येत होती, हे कबूल केलंच पाहिजे. येता-जाता मी सुई ओवून ठेवायची. बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जायला लागले, येताना कोणाकडे काय शिजतंय ते सांगायला लागले. डॉक्टर आपल्या औषधावर खूश होते. पुढे पुढे आईने मला सुई ओवायला सांगणं बंद केलं. मला वाटलं, तिला कसंबसं जमायला लागलं असेल.

एकदा मी अवेळी, भर दुपारी तिकडे गेले. दार उघडंच होतं. आत बाबा पडले होते, बाहेर आई मशीनवर होती, पायडल चालू होतं. मी जवळ गेले आणि बघितलं तर रिळाच्या खुंटीवर रीळ नव्हतं. सुईत दोरा नव्हता. सुईखालून एक जुना अभ्रा पुढे जात होता, भोकांच्या रांगाच्या रांगा पडलेला, चाळणी झालेला. आई मान वर करून, नाक स्वयंपाकघराकडे लावून बसली होती. माझी चाहूल लागली तशी तिने ओठांवर बोट ठेवलं. पाय थांबवला नाही. वास आला. ती आणखी थोडं थांबली, मग मोठ्याने म्हणाली, "अगंबाई! लागलं वाटतं पुन्हा!" आणि अगदी सावकाश उठली.

स्वयंपाकघरात मी तिचा हात धरला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या उशीलाच कळलं. आपोआप उसवलेलं आणि ब्लेडने उसवलेलं मला कळत नाही होय? आयुष्य त्यातच गेलं." ती रस्सा ढवळत होती, तळापासून. "आणि तू गं, तूही त्यांना सामील!"

"मग ते उसवलेले सगळे कपडे कोण शिवतं?"

"कोपऱ्यावरचा शिंपी," ती म्हणाली. हे सांगताना मात्र तिचा आवाज जरा खाली गेला. आमच्या घरात कधी दुसऱ्याच्या हातची टीप आली नव्हती.

"अगं, मग नुसतं करपवायचं. मशीन कशाला?"

"आवाज नाही आला तर त्यांना कळेल, मी मुद्दाम करतेय. मग ते बिचारे लाजून जेवायचे नाहीत. मला फसवलं म्हणून त्यांना दोन घास जास्त जातात, जाऊ देत की."

तिने ताट भरलं, पदराला डोळे पुसले आणि आत जाऊन ठसक्यात म्हणाली, "आज जरा लागलंय हं, वरवरचं घ्या."

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि शेवटपर्यंत त्यांना आपण मोठे डावपेची आहोत असं वाटत राहिलं. ते गेल्यावर आई माझ्याकडे आली. मशीनही आलं. एक दिवस भाजी चिरताना ती म्हणाली, "खरं सांगू? मला करपलेलं कधीच आवडलं नाही. घशाखाली उतरायचं नाही." मी हसायला लागले, तीही हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी तिने हौसेने रस्सा केला, तळाला जराही न लागू देता. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"चांगला झालाय," ती म्हणाली. हुबेहूब बाबांच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी तिने बटाटे टाकले, आच बारीक केली आणि बाहेर येऊन खुर्चीत बसली. "जरा मशीनवर बस गं," मला म्हणाली.

"मला शिवता कुठे येतं?"

"शिवायला कोण सांगतंय? पायडल मार."

मी बसले. सुईत दोरा नव्हता, खाली कापडही नव्हतं. आईने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने आतून वास आला आणि मी झटकन पाय काढला.

"उठू नकोस," आई म्हणाली. "एवढी टीप होऊ दे."